एंडोस्कोपीत आठ-दहा तुकडे घेतले, म्हणजे कॅन्सर ठरला का?

डिचोलीहून एका मुलाने वडिलांबद्दल विचारले आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे. वडील 61 वर्षांचे. दोन महिन्यांपासून जेवल्यावर पोटात दुखते, वजन पाच किलो उतरले. तीन आठवडे पँटोप्राझोल ही आम्ल कमी करणारी गोळी घेऊनही फरक पडला नाही, म्हणून एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण टाकून तपासणी, झाली. जठरात अल्सर दिसला आणि डॉक्टरांनी आठ-दहा तुकडे घेतले. एक तुकडा तिथल्या तिथे पिवळ्या चाचणीत टाकला, रंग बदलला नाही. बाकीचे लॅबमध्ये गेले असून रिपोर्टला आठवडा लागेल. दोन वर्षांपूर्वी हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवल्यापासून ॲस्पिरिन चालू आहे. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून गोळ्याही आणतात. शेजारचे सांगतात की तुकडा काढला की आजार चाळवतो. घरच्यांनी वडिलांना काहीच सांगितलेले नाही आणि रक्त जाईल या भीतीने ॲस्पिरिन स्वतःहून बंद केली आहे.

बाकीचे सावकाश वाचा, पण ॲस्पिरिनचे आजच करायला हवे. ज्यांनी स्टेंट बसवला त्यांना आणि ज्यांनी एंडोस्कोपी केली त्यांना, दोघांनाही फोन करून गोळी बंद केल्याचे सांगा. आतल्या अस्तराचे छोटे तुकडे घेण्यासाठी ॲस्पिरिन बंद करावी लागत नाही. ती चालू असतानाच आम्ही रोज तुकडे घेतो. स्टेंट असलेल्या माणसाने मात्र ती अचानक सोडली तर स्टेंटमध्ये गुठळी होण्याचा धोका असतो. अल्सर असताना ती किती दिवसांनी आणि कोणत्या गोळीच्या जोडीने चालवायची, हे त्या दोन डॉक्टरांनी मिळून ठरवायचे. बहुतेक वेळा आम्ल कमी करणाऱ्या गोळीच्या आधाराने ती चालूच ठेवतात. गुडघ्यांच्या गोळ्या मात्र आजपासून पूर्ण बंद. ॲस्पिरिनवर आणखी दुखण्याची गोळी, हे मिश्रण जठराला फार महागात पडते. ताप-दुखण्यासाठी लागलेच तर पॅरासिटामॉल चालते, तेही विचारून.

आता मूळ प्रश्नाकडे. तुम्ही विचारता की तुकडे घेतले म्हणजे कॅन्सरचा संशय आहे का. जठरात अल्सर असलेल्या माणसात कॅन्सर आहे की नाही ही शंका फेडून घ्यावीच लागते, हे मी लपवणार नाही. वय 61, वजन उतरलेले, म्हणून तर दुर्बीण टाकली. पण तुकडे घेणे आणि संशय पक्का होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जठरातला अल्सर दिसायला कितीही साधा असला तरी त्याचे तुकडे घ्यायचे, हा आमचा रिवाज आहे. डोळ्यांना साधा दिसणारा अल्सर कधी साधा नसतो आणि भयंकर दिसणारा कधी अगदी साधा निघतो. मी वर्षानुवर्षे पडद्यावर अल्सर पाहतो आहे, तरी केवळ पाहून निकाल देण्याची हिंमत आजही करत नाही. तुमच्या वडिलांचे फोटो मी पाहिलेले नाहीत. पाहिले असते तरी रिपोर्ट येईपर्यंत हेच सांगितले असते.

इथे एक फरक सांगतो, कारण रुग्णांची त्यात फार गल्लत होते. जठराच्या पुढे लहान आतड्याचा जो पहिला भाग लागतो, त्याला ड्युओडिनम म्हणतात. तिथला अल्सर कॅन्सरचा असणे अगदी विरळा, म्हणून त्याचे तुकडे सहसा घेत नाहीत. जठरातून मात्र अल्सर करणारा एक जंतू शोधण्यासाठी घेतात, त्याच्याबद्दल पुढे सांगतो. म्हणजे दोन शेजाऱ्यांना 'अल्सर' झाला, एकाचे तुकडे घेतले आणि दुसऱ्याचे नाही, यावरून कोणाचा आजार वाईट हे ठरत नाही. अल्सर कुठे आहे त्यावर ते ठरते.

मग आठ-दहा कशाला, एकाने भागले नसते का? नाही भागत. अल्सरच्या तळाशी मेलेल्या पेशींचा आणि पुवासारखा थर असतो. तिथून एकच तुकडा उचलला आणि त्यात नुसता तो थर आला, तर पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे लॅबमध्ये तुकडे तपासणारे डॉक्टर, काहीच सांगू शकत नाहीत. रोग कडेच्या एका कोपऱ्यात असला आणि चिमटा दुसऱ्या कोपऱ्यात बसला, तरी तेच. 1982 सालच्या एका जुन्या अभ्यासात जठराच्या कॅन्सरच्या रुग्णांत पहिल्या एका तुकड्यातून सुमारे 70 टक्के वेळाच निदान झाले होते. सात तुकडे घेतल्यावर ते 98 टक्क्यांच्या आसपास गेले. म्हणून कडेच्या चारही बाजूंनी आणि थोडे तळातून, असे सहा ते आठ तुकडे घेतात. शिवाय अल्सरपासून दूर, जठराच्या खालच्या आणि वरच्या भागातून आणखी काही घेतात, ते जंतू आणि अस्तराची एकूण स्थिती पाहण्यासाठी. तुमच्या डॉक्टरांनी आठ-दहा घेतले याचा मला आनंद आहे. दोनच घेतले असते तर मला काळजी वाटली असती.

तुकडा घेतात म्हणजे प्रत्यक्षात काय होते, तेही सांगतो, कारण घरच्यांच्या डोळ्यासमोर काहीतरी मोठे कापल्याचे चित्र असते. दुर्बिणीच्या आतून जेमतेम तीन मिलिमीटर रुंदीची एक वाट असते. तिच्यातून लांब बारीक तार आत सरकवतात. तारेच्या टोकाला चिमटा असतो, दोन छोट्या वाट्या तोंडाला तोंड लावाव्यात तसा. मी म्हणतो, 'ओपन.' शेजारी उभी असलेली सिस्टर चिमट्याची मूठ ढकलते, वाट्या उघडतात. तो अस्तरावर हलकेच दाबायचा, मग 'क्लोज', आणि ओढायचे. अस्तर क्षणभर तंबूसारखे वर उचलले जाते आणि सुटते. मागे रक्ताचा एक ठिपका उमटतो, तो एक-दोन मिनिटांत आपोआप थांबतो. चिमट्यात जे येते ते दोन-तीन मिलिमीटरचे, साबुदाण्याच्या भिजलेल्या दाण्याहूनही लहान. सिस्टर ते सुईच्या टोकाने सोडवून औषधाच्या बाटलीत टाकते. रुग्णाला यातले काही कळत नाही. आतल्या अस्तराला चिमट्याचे दुखणे जाणवत नाही, जाणवते ते हवा भरल्यावरचे ताणणे आणि घशातली नळी. ती जागा काही दिवसांत भरून येते.

आता शेजाऱ्यांचे म्हणणे. तुकडा काढल्याने आजार चाळवतो, पसरतो, हा समज इथे पेडण्यापासून काणकोणपर्यंत ऐकू येतो आणि त्यापायी माणसे तपासणी टाळतात, म्हणून मी नेहमी ठासून सांगतो: चिमट्याने अस्तराचा तुकडा घेतल्याने जठराचा किंवा आतड्याचा कॅन्सर पसरत नाही. हा समज कुठून येतो ते मला दिसते. आजार आधीच पुढे गेलेला असतो तेव्हा माणूस दवाखान्यात येतो, तुकडा घेतला जातो, निदान होते आणि पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत तब्येत ढासळते. घरच्यांच्या आठवणीत मात्र राहतो तो तुकडा. उशीर आठवत नाही.

पिवळ्या चाचणीकडे येऊ, कारण तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे आणि तुम्ही ती ओझरती लिहिली आहे. तिला रॅपिड युरियेज टेस्ट म्हणतात. हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू जठराच्या अस्तरात राहतो आणि युरियापासून अमोनिया तयार करतो. चाचणीच्या जेलमध्ये युरिया आणि रंग असतो. तुकड्यात जंतू असला की अमोनियाने जेल पिवळ्याचे गुलाबी-लाल होते. तुमच्या वडिलांचे पिवळेच राहिले, म्हणून घरी 'जंतू नाही' असे धरून चालले आहात. तसे धरू नका. ते तीन आठवडे पँटोप्राझोल घेत होते. ही गोळी, आणि तिच्या जातीची ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल वगैरे, जंतूंची संख्या दाबून ठेवते आणि त्यांना जठराच्या वरच्या भागाकडे ढकलते. त्यामुळे जंतू असूनही चाचणी पिवळी राहू शकते. अचूक निकालासाठी ही गोळी दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे आधी बंद असावी लागते. दुखणाऱ्या माणसाची गोळी दोन आठवडे बंद करणे नेहमी शक्य नसते, हेही खरे, म्हणून मी तुमच्या डॉक्टरांना दोष देत नाही. पण 'नाही' या उत्तराचा अर्थ 'या वेळी सापडला नाही' एवढाच घ्यायचा. 'आहे' हे उत्तर मात्र पक्के असते.

लॅबमध्ये गेलेल्या तुकड्यांवर विशेष रंग लावून जंतू पुन्हा शोधतात. वरच्या भागातले तुकडे असतील तर तिथे सापडण्याची शक्यता वाढते. तेही नाही आले आणि शंका उरली, तर पुढे गोळी थांबवून श्वासाची किंवा शौचाची चाचणी करता येते. हा जंतू इतका मनावर का घ्यायचा? अल्सरचे मोठे कारण तो आहे, दुसरे मोठे कारण दुखण्याच्या गोळ्या आणि ॲस्पिरिन. तुमच्या वडिलांकडे दुसरे कारण नक्की आहे, पहिले कदाचित. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने 1994 साली या जंतूला कॅन्सर घडवणाऱ्या कारणांच्या पहिल्या गटात घातले. तो सापडला आणि 14 दिवसांच्या औषधांनी घालवला, तर अल्सर पुन्हा उलटण्याचे प्रमाण फार कमी होते. गोव्यात अल्सर झाला की आधी दोष हुमणातल्या तिखटाला आणि सोलांच्या आंबटपणाला दिला जातो. जळजळ वाढते, मान्य. पण अल्सर होतो तो त्याने नाही. आणि हे कळले तेही असल्याच तुकड्यांतून. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरन हे पॅथॉलॉजिस्ट रुग्णांच्या जठराच्या तुकड्यांत वाकडे जंतू वारंवार पाहत होते. त्यांनी तरुण डॉक्टर बॅरी मार्शल यांना बरोबर घेतले आणि 1982 साली त्यांना तो जंतू वाढवता आला. दोघांना 2005 साली नोबेल मिळाले. तोपर्यंत कित्येक दशके अल्सर म्हणजे काळजी, रागीट स्वभाव आणि तिखट जेवण असेच समजले जात होते.

लॅबमध्ये एवढा वेळ का लागतो, ही तक्रार मी रोज ऐकतो. बाटलीतले औषध म्हणजे फॉर्मेलिन. त्यात तुकडा काही तास राहून घट्ट व्हावा लागतो. मग त्यातले पाणी काढून मेण भरतात, मेणाची छोटी वडी तयार होते. तिच्या चार-पाच मायक्रॉन जाडीच्या चकत्या कापतात. आपला केस साधारण 70 मायक्रॉनचा असतो, यावरून कल्पना करा. चकती काचेवर घेऊन रंगवतात, पेशींची केंद्रे जांभळी-निळी आणि बाकी भाग गुलाबी दिसतो, मग पॅथॉलॉजिस्ट पाहतात. शंका आली तर त्याच वडीतून आणखी चकत्या कापून वेगळे रंग लावतात. रिपोर्ट लांबला म्हणजे काही वाईट निघाले, असा अर्थ लावू नका. पुष्कळदा तो अधिक नीट पाहिल्यामुळे लांबतो.

ही मेणाची वडी आणि काच लॅब जपून ठेवते. ही माहिती मी प्रत्येकाला देतो, कारण ती क्वचितच कोणी देते. दुसरे मत घ्यायचे असेल तर वडिलांना परत दुर्बीण टाकावी लागत नाही, काचा आणि वडी मागून दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टना दाखवता येतात. पुढे उपचारासाठी जादा चाचण्या लागल्या तरी त्याच वडीतून होतात.

तुकड्यांची बाटली नेण्याबद्दलही बोलायला हवे, कारण आपल्याकडे ती अनेकदा नातेवाइकांच्या हातात देतात, की म्हापशाहून पणजीला किंवा बांबोळीला पोचवा. तुमची बाटली पोचली आहे, पण हे वाचणाऱ्या इतरांसाठी लिहितो. हातात घेताच नाव, वय आणि तुकडा कुठून घेतला हे लेबलवर आहे का पाहा. बाटल्या दोन असतील तर दोन्हीवर वेगवेगळ्या जागा लिहिलेल्या असायला हव्यात. झाकण उघडू नका, त्या औषधाच्या वाफेने डोळे झोंबतात. फ्रीजमध्ये ठेवायची गरज नसते, आणि स्कूटरच्या डिकीत उन्हात दुपारभर ठेवायची नाही. सोबतचा कागद बाटलीइतकाच महत्त्वाचा. त्यावर वय, तक्रार, चालू औषधे आणि दुर्बिणीत काय दिसले हे लिहिलेले असते. नुसते 'जठर' एवढेच लिहिलेल्या कागदावर पॅथॉलॉजिस्टना अर्धवट अंदाज करावा लागतो. कागद कोरा दिसला तर तिथेच परत द्या आणि भरून मागा. कोणी रागावणार नाही.

आणि एका बाटलीची मात्र तातडी असते. क्षयरोगाची शंका असेल तर काही तुकडे फॉर्मेलिनऐवजी साध्या सलाईनमध्ये घेतात, कारण फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतात आणि कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याची चाचणी, लागत नाही. सलाईनची बाटली त्याच दिवशी लॅबमध्ये पोचली पाहिजे. आपल्या देशात मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला आणि लहान आतड्याच्या शेवटाला व्रण दिसले, की क्षयरोग आणि क्रोन्स (आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा आजार) यांच्यातला पेच पडतो. दुर्बिणीतून दोन्ही इतके सारखे दिसू शकतात की अनुभवी माणूसही थांबतो. उपचार मात्र उलट दिशेचे आहेत. क्रोन्स समजून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दिली आणि निघाला क्षयरोग, तर तो भडकतो. सत्तरीतल्या एका काजूच्या बागायतदाराच्या वेळी साध्या तुकड्यात काहीच ठरत नव्हते. सलाईनमधल्या तुकड्याच्या जंतूचाचणीने क्षयरोग दाखवला आणि सहा महिन्यांच्या औषधांनी माणूस पुन्हा भाटात चढू लागला. म्हणून मोठ्या आतड्याच्या तपासणीआधी असा प्रसंग असेल तर सलाईनमध्येही तुकडे घेणार आहात का, हे विचारायला काहीच हरकत नाही.

याच ओघात आणखी एक गोष्ट. काही वेळा आतून सगळे छान, गुळगुळीत दिसते तरी आम्ही तुकडे घेतो आणि घरचे गोंधळतात: काही नाही म्हणता, मग तुकडे कशाला? कारण काही आजार डोळ्यांना दिसतच नाहीत. महिनोन् महिने पाण्यासारखे जुलाब होतात आणि मोठे आतडे निरोगी दिसते, तेव्हा मायक्रोस्कोपिक कोलायटिस, म्हणजे फक्त सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी मोठ्या आतड्याची सूज, तुकड्यातच सापडतो. रक्तातले लोह वारंवार कमी होते, कारण सापडत नाही, तेव्हा लहान आतड्याच्या सुरुवातीचे तुकडे घेऊन गव्हाच्या ॲलर्जीसारखा समजला जाणारा सिलियाक रोग पाहतात. तिथे किमान चार तुकडे लागतात, कारण तो ठिपक्याठिपक्यांनी पसरलेला असतो. अन्न छातीत अडकते असे सांगणाऱ्या तरुणांत अन्ननलिका सरळ दिसली तरी तिचे तुकडे घ्यावेत, ॲलर्जीत वाढणाऱ्या इओसिनोफिल पेशी मोजण्यासाठी. दिसण्यावर विसंबून तुकडे न घेतले तर हे रुग्ण वर्षानुवर्षे 'गॅस'च्या गोळ्या घेत राहतात. मला याची खरोखर खंत वाटते, कारण यातल्या बऱ्याच जणांना बरे करणे अवघड नसते.

परत तुमच्या वडिलांकडे. रिपोर्ट येईल तेव्हा त्यात जे शब्द असू शकतात त्यांचा अर्थ आत्ताच सांगतो, म्हणजे रात्री मोबाइलवर शोधत बसणार नाही. 'क्रॉनिक ॲक्टिव्ह गॅस्ट्रायटिस' म्हणजे अस्तराला जुनी सूज आहे आणि ती अजून चालू आहे. बहुतेक वेळा मागे जंतू असतो, उपचार आहे. 'इंटेस्टाइनल मेटाप्लेशिया' म्हणजे बराच काळ सूज राहिल्याने जठराच्या काही पेशींनी आतड्याच्या पेशींचे रूप घेतले आहे. हा कॅन्सर नाही. किती पसरले आहे, घरात कोणाला जठराचा कॅन्सर होता का, यावर पुढे काही वर्षांनी पुन्हा पाहायचे की नाही हे ठरते. 'डिस्प्लेशिया' हा शब्द आला तर मात्र ताबडतोब डॉक्टरांकडे जा. पेशी बिघडायला लागल्या आहेत असा त्याचा अर्थ. लो ग्रेड (कमी बिघाड) आणि हाय ग्रेड (जास्त बिघाड) यांत मोठा फरक आहे आणि दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचे मत घेण्याची हीच जागा. 'इनॅडिक्वेट' लिहिले असेल तर तुकड्यांतून ठरवता आले नाही. ते 'नॉर्मल' नव्हे, पुन्हा घ्यावे लागतील. आणि 'अडेनोकार्सिनोमा' आला तर तो कॅन्सर. तेव्हा पुढचे पाऊल म्हणजे सीटी स्कॅन करून तो कुठपर्यंत गेला आहे ते पाहणे. गोष्ट तिथे संपत नाही, किती पसरला यावर सगळे अवलंबून असते. गोव्याचे रहिवासी असाल तर राज्य सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्य विमा योजनेचे कार्ड आत्ताच शोधून ठेवा आणि त्यावर कोणत्या तपासण्या बसतात ते रुग्णालयातल्या योजनेच्या खिडकीवर विचारून घ्या.

वजन उतरल्याचे काय? साध्या अल्सरमध्येही उतरते. जेवले की दुखते, म्हणून माणूस घासच कमी घेतो. तेव्हा पाच किलोवरून निष्कर्ष काढू नका, पण ही गोष्ट डॉक्टरांना सांगायला विसरू नका.

समजा रिपोर्ट चांगला आला. मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती याच वेळी. घर सुटकेचा निःश्वास टाकते, गोळ्या पंधरा दिवसांत थांबतात आणि पुन्हा कोणी फिरकत नाही. जठराच्या अल्सरचा रिपोर्ट स्वच्छ आला तरी साधारण आठ ते बारा आठवडे औषधे घेतल्यावर पुन्हा एंडोस्कोपी करून तो पूर्ण भरला का ते पाहतात. कारण वर सांगितलेच: चिमटा जिथे बसला तिथलेच उत्तर मिळते. शिवाय जठराच्या कॅन्सरचा एक प्रकार अस्तराच्या खालून भिंतीत पसरतो आणि वरवरच्या तुकड्यात सापडत नाही. औषधांनी न भरणारा अल्सर असेल तर पुन्हा, अधिक खोलवरचे तुकडे घेतात. भरून आला की मन निर्धास्त. जंतू सापडला असेल तर तो गेला का, हेही औषधे संपल्यावर चार आठवड्यांनी, आम्लाची गोळी दोन आठवडे थांबवून तपासायचे. ती गोळी थांबवायची की नाही हे ॲस्पिरिनमुळे तुमच्या वडिलांच्या बाबतीत डॉक्टरांनीच ठरवायचे आहे.

या दिवसांत लक्ष कशावर ठेवायचे, तर शौचावर. डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची शौच झाली, रक्ताची किंवा कॉफीच्या चुऱ्यासारखी उलटी झाली, उभे राहिल्यावर घेरी आली, तर सकाळची वाट पाहू नका, 108 ला फोन करा. तुकडे घेतल्याने एवढे रक्त जाणे फार विरळा, पण अल्सर स्वतः रक्तस्राव करू शकतो. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळपट होते, ती मात्र अशी चिकट नसते. खाण्याचे पथ्य फारसे नाही. भूक लागेल तशी उकड्या तांदळाची पेज, मऊ भात, मासे, काहीही पचेल ते थोडे थोडे द्या. फेणी आणि विडी मात्र अल्सर भरेपर्यंत नको. तंबाखूने अल्सर भरायला वेळ लागतो.

आता राहिले वडिलांना न सांगणे. तुम्ही विचारले आहे की रिपोर्ट आधी घरच्यांच्या हातात मिळेल का. ही ममतेतून आलेली गोष्ट आहे, मी ती समजतो. तरी मी सांगेन की असे करू नका. त्यांच्या पोटात नळी गेली, आतून काहीतरी ओढले गेले, घरात सगळे कुजबुजतात, हे त्यांना कळत नाही असे तुम्हाला वाटते का? त्यांच्या मनात आत्ता जे चालले असेल ते बहुधा खऱ्यापेक्षा वाईट असेल. तुम्ही आज एवढेच सांगा: 'बाबा, पोटात जखम आहे, ती साधी आहे की वेगळी हे कळायला तुकडे तपासायला दिले आहेत. आठवड्याने डॉक्टर सांगतील, आपण दोघे जाऊ.' यात खोटे काही नाही आणि घाबरवणारेही नाही. दुखण्याच्या गोळ्या लपवून घेतात का, तंबाखू किती होते, शौच कशी होते, हे फक्त तेच सांगू शकतात, आणि ज्यांना आपला आजार माहीत असतो ते हे सांगतात. आजार गंभीर निघाला तर निर्णय त्यांच्याच शरीराचे घ्यायचे आहेत.

एंडोस्कोपीच्या वेळी गुंगीचे इंजेक्शन दिले होते का, हेही आठवून पाहा. त्या औषधाने माणूस बोलत-चालत असतो तरी तासाभरात सांगितलेले त्याला आठवत नाही. तेव्हा 'डॉक्टर काहीच बोलले नाहीत' असे वडील म्हणत असतील तर तसे नसेलही. पुढच्या वेळी सोबत एक जाणता माणूस आत असू द्या. आणि तेव्हा गुंगी दिली तर घरी जाताना वडिलांना स्कूटरवर बसवू नका, मागच्या सीटवरही नाही. रिक्षा किंवा गाडी करा.

रिपोर्टच्या दिवशी जाताना एंडोस्कोपीचा फोटोंसह कागद, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या (मेडिकलमधून स्वतःहून आणलेल्यासुद्धा) आणि स्टेंटचे कार्ड घेऊन जा. डॉक्टरांना हे विचारा: अल्सर जठराच्या कोणत्या भागात आहे, जंतू शोधायला तुकडे वरच्या भागातूनही घेतले का, आणि पुन्हा एंडोस्कोपी कधी. आठ ते बारा आठवडे मोजले तर तुमची तारीख नेमकी चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आसपास पडते. त्या दिवसांत घरात पाहुणे, माटोळीची धावपळ, तपासणी हमखास पुढे ढकलली जाते आणि मग तुळशीच्या लग्नापर्यंत राहून जाते. म्हणून तारीख तिथेच, चवथीच्या आधीची लिहून घ्या.